अँजिओग्राफीची सुई मनगटात की जांघेत, हे कशावरून ठरतं?

"मनगटातून करणार की मांडीतून?" अँजिओग्राफीची तारीख ठरली की घरात हा प्रश्न निघतोच. शेजारच्या काकांची मनगटातून झाली, ते थोड्याच वेळात उठून चहा पीत बसले होते. मग आईची जांघेतून का करायची म्हणतात? या डॉक्टरांना मनगटातून जमत नाही का? एखाद्याला कोपरातून, काखेजवळून किंवा थेट पावलातून सुई घालणार असं सांगितलं, तर घरचे घाबरूनच जातात. या निवडीमागे ठोस कारणं असतात आणि ती कुणालाही समजण्यासारखी आहेत. पण रुग्णाला ती क्वचितच सांगितली जातात आणि मला ते फार खटकतं, कारण योग्य वाट निवडायला लागणारी काही माहिती फक्त रुग्णाकडेच असते.

आधी ही तपासणी काय करते ते पाहू. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं, रक्तवाहिनी दिसत नाही. रक्त आणि आजूबाजूचे स्नायू यांत एक्स-रेला फरकच कळत नाही. म्हणून रक्तात आयोडीन असलेला द्रव सोडतात. त्यालाच सगळे 'डाय' म्हणतात. तो वाहत असेपर्यंत रक्तवाहिनी चित्रात उमटते, कुठे अरुंद झाली, कुठे बंद पडली, कुठे फुगली ते दिसतं. हा डाय हाताच्या शिरेतून दिला तर तो आधी हृदयाच्या उजव्या बाजूला, मग फुफ्फुसांत, मग हृदयाच्या डाव्या बाजूला आणि तिथून सगळ्या शरीरात जातो. सीटी अँजिओग्राफी अशीच होते. तिच्यासाठी सलाईनला लावतात तशी सुई पुरते आणि आज बऱ्याच रुग्णांचं काम तेवढ्यावर भागतं.

पण काही वेळा भागत नाही. मधुमेहाच्या रुग्णाच्या पोटरीतल्या बारीक धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचलेलं असतं. सीटीत ते इतकं पांढरं दिसतं की आतली वाट उघडी आहे की बंद, ते सांगता येत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं बिघडलं असेल तर रक्त कोणत्या क्रमाने, किती वेगाने, कुठून कुठे जातं ते क्षणाक्षणाला बघावं लागतं. कधी तपासणी करतानाच फुगा किंवा स्टेंट घालण्याची शक्यता असते. अशा वेळी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, धमनीच्या आतून हव्या त्या जागेपर्यंत नेऊन डाय तिथेच सोडतात. नळी आत न्यायची तर धमनीला कुठेतरी छिद्र पाडावं लागतं. ते कुठे पाडायचं, हा आपला विषय.

सुई एकीकडे, चित्र दुसरीकडे

राँटगेन यांना १८९५च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९६च्या जानेवारीत व्हिएन्नात हॅशेक आणि लिंडेन्थाल यांनी शवाच्या कापलेल्या हातातल्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतलंसुद्धा. जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्या पाहायला १९२७ साल उजाडलं. लिस्बनमध्ये एगास मोनीझ यांनी मानेतल्या कॅरोटिड धमनीत थेट द्रव सोडला. दोन वर्षांनी त्याच शहरात रेनाल्डो दोस सांतोस यांनी रुग्णाला पालथं झोपवून कमरेतून लांब सुई महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीत घातली आणि पोटातल्या व पायांच्या धमन्या पाहिल्या. दोघांची रीत एकच होती: जे बघायचं त्याच्या अगदी जवळ सुई घालायची. म्हणजे वाट निवडण्याचा प्रश्नच नव्हता. जिथे आजार, तिथेच छिद्र, मग ती जागा कितीही अवघड असो.

हे बदललं १९५३ मध्ये. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयातले तरुण रेडिओलॉजिस्ट स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. सुई धमनीत घालायची, सुईच्या पोकळीतून लवचिक तार आत सरकवायची, तार तिथेच ठेवून सुई काढून घ्यायची, आणि त्या तारेवरून नळी आत घालायची. त्याआधी नळी सुईच्या पोटातून न्यावी लागे, म्हणजे सुई नळीपेक्षा जाड हवी आणि छिद्रही तेवढंच मोठं. नाहीतर धमनी कापून उघडावी लागे. सेल्डिंगर यांच्या युक्तीने छिद्र नळीएवढंच राहिलं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिरण्याची जागा आणि पाहण्याची जागा एकमेकींपासून सुटल्या. शरीरातल्या सगळ्या धमन्या शेवटी महाधमनीलाच जोडलेल्या आहेत. कुठूनही आत शिरा, तार आणि नळी नीट वळवली तर कुठेही पोचता येतं. आजही जगभरात हेच तंत्र वापरतात.

मग चांगली जागा कोणती? धमनी नळीपेक्षा पुरेशी मोठी हवी. ती कातडीच्या जवळ हवी, आणि तिच्या मागे हाड हवं, म्हणजे नळी काढल्यावर धमनी हाडावर दाबून रक्त थांबवता येतं. शेजारी मोठा मज्जातंतू नको. ती धमनी दुर्दैवाने बंद पडलीच, तर पुढच्या अवयवाला रक्त पुरवणारी दुसरी वाट हवी. आणि तिथून निघालेली नळी आजाराच्या जागेपर्यंत पोचली पाहिजे. हे सगळं एकाच धमनीत कधीच मिळत नाही. जांघेत एक गोष्ट मिळते, मनगटात दुसरी, आणि डॉक्टरांचा निर्णय म्हणजे या रुग्णासाठी यांतलं काय सोडून चालेल याचा हिशेब असतो.

जांघ इतकी वर्षं पहिली का होती

जांघेतली फेमोरल धमनी मोठी असते, साधारण पेन्सिलीएवढी जाड. तिथून महाधमनीपर्यंतचा रस्ता जवळजवळ सरळ, आणि वर गेलं की हृदय, मेंदू, मूत्रपिंड, आतडी, दुसरा पाय, सगळं आवाक्यात. धमनीच्या मागे मांडीच्या हाडाचा गोल माथा असतो, त्यावर दाब देता येतो. १९६७ मध्ये मेल्विन जडकिन्स यांनी हृदयाच्या धमन्यांत आपोआप जाऊन बसतील अशा आकाराच्या नळ्या बनवल्या. त्या जांघेतून वापरायच्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षं अँजिओग्राफी म्हणजे जांघेतूनच, असं समीकरण झालं.

पण तिथेही जागा अचूक साधावी लागते. छिद्र त्या हाडाच्या माथ्यासमोर हवं. वर पडलं तर धमनी पोटाच्या मागच्या पोकळीत शिरलेली असते; तिथे दाबायला हाड नाही, आणि रक्त बाहेर न दिसता आतल्या आत साचतं. पाठीत किंवा ओटीपोटात दुखणं, घाम सुटणं, रक्तदाब कोसळणं, यावरून ते ओळखावं लागतं. छिद्र खाली पडलं तर धमनीचे दोन फाटे झालेले असतात, बारीक फाट्यात सुई जाते आणि नंतर तिथे रक्ताचा खोटा फुगवटा तयार होतो किंवा शेजारच्या शिरेशी नको ती जोडणी होते. जाड माणसात जांघेची घडी आणि खरी धमनी यांची जागा जुळत नाही, म्हणून नुसत्या घडीवरून अंदाज बांधणं धोक्याचं. सोनोग्राफीचं यंत्र लावून धमनी पडद्यावर बघत सुई घातली, तर पहिल्याच प्रयत्नात यश येण्याचं प्रमाण वाढतं आणि चुकून शिरेत जाण्याचं घटतं. माझ्या मते आज हे यंत्र कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, हाताशी असायलाच हवं, वाट कुठलीही असो.

नळी काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं हाताने दाबून धरतात, मग काही तास पाय सरळ ठेवून उताणं झोपावं लागतं. पूर्वी वर वाळूची पिशवीही हमखास ठेवत. ज्याला कंबरदुखी आहे, ज्याला आडवं झोपलं की दम लागतो, वयस्कर माणूस ज्याला वरचेवर लघवीला जावं लागतं, त्याला हे काही तास फार जड जातात.

काहींच्या बाबतीत ही वाटच बंद असते. तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांनी पोटाच्या खालच्या भागातली महाधमनी आणि तिचे दोन्ही फाटे बंद पडले, तर दोन्ही जांघांत नाडी लागत नाही. अशा रुग्णाला चालताना नितंब आणि मांड्या भरून येतात, पुरुषांत लैंगिक अडचण येते. डॉक्टर याला लेरिश सिंड्रोम म्हणतात. नेमकी याच रुग्णाची अँजिओग्राफी लागते, आणि नेमकी त्याचीच जांघ निकामी. कुणाच्या जांघेत आधीच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम धमनी जोडलेली असते, कुणाच्या तिथल्या कातडीला जंतुसंसर्ग असतो, कुणाच्या पोटातल्या महाधमनीच्या फुग्यात गुठळ्या साचलेल्या असतात आणि त्यांतून तार नेणं नको वाटतं. पर्यायी वाटा शोधाव्या लागल्या त्या अशा रुग्णांसाठी.

हाताकडून आत

हाताची वाट नवी नाही. स्वीडनच्या लुंडमध्ये स्टिग राडनर यांनी १९४८ मध्येच मनगटातली रेडियल धमनी उघडून छातीतल्या महाधमनीपर्यंत नळी नेली होती. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स कोपराजवळची ब्रेकियल धमनी उघडून काम करत. ३० ऑक्टोबर १९५८ला ते एका तरुण रुग्णाच्या महाधमनीची तपासणी करत असताना नळीचं टोक सरकून हृदयाच्या उजव्या धमनीत गेलं आणि डाय सगळा तिथेच सुटला. हृदय काही क्षण थांबलं, रुग्णाला खोकायला सांगितलं, ठोके परत सुरू झाले. हृदयाच्या एकेका धमनीत थेट डाय सोडता येतो आणि माणूस ते सोसतो, हे त्या अपघाताने कळलं. हृदयाची आजची अँजिओग्राफी तिथून सुरू होते, आणि ती हाताच्या वाटेनेच सुरू झाली, हे जांघेच्या जमान्यात बरेच जण विसरले.

मग सगळीकडे कोपरच का वापरत नाहीत? कारण कोपराच्या पुढे हाताचा जवळजवळ सगळा भार या एकाच धमनीवर असतो. ती गुठळीने बंद पडली तर पंजा थंड पडू शकतो, आणि शेजारून मीडियन नावाचा मोठा मज्जातंतू जातो. नळी काढल्यावर धमनी सैल मांसात सरकते, दाब नीट बसत नाही. रक्त साचलं की ते आवरणाच्या आत अडकून मज्जातंतू दाबतं. काखेजवळची अ‍ॅक्झिलरी धमनी मोठी असते हे खरं, पण तिथे हाताचे सगळेच मज्जातंतू एका आवरणात तिच्याभोवती असतात. बाहेरून छोटी वाटणारी रक्ताची गाठसुद्धा आत बोटांची ताकद हिरावून घेऊ शकते. म्हणून कोपर आणि काख या दोन्ही जागा राखून ठेवलेल्या आहेत. जांघ आणि मनगट दोन्ही नसेल, किंवा जाड नळीच लागणार असेल, तेव्हा अनुभवी हाताने, सोनोग्राफी लावून त्या वापरतात. अशा रुग्णाला नंतर बोटांत मुंग्या, बधिरपणा किंवा वाढती वेदना जाणवली तर ती लगेच सांगायची, सकाळच्या राऊंडची वाट पाहायची नाही. दाब मोकळा करायला मिळणारे तास मोजके असतात.

मनगटाकडे पुन्हा लक्ष गेलं ते १९८९ मध्ये. मॉन्ट्रियलचे लुसियाँ कांपो यांनी धमनी न कापता, फक्त सुईने, १०० रुग्णांची हृदयाची अँजिओग्राफी रेडियल धमनीतून करण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये फर्डिनांड कीमेनेय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी सुरू केली. वैद्य जिथे बोटं ठेवून नाडी पाहतात तीच ही धमनी: कातडीच्या अगदी खाली, मागे हाड, शेजारी मोठा मज्जातंतू नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे करंगळीच्या बाजूला अल्नर नावाची दुसरी धमनी असते आणि तळहातात या दोघी कमानीने जोडलेल्या असतात. एक बंद पडली तरी बहुतेकांच्या पंजाला दुसरी रक्त पुरवते. कोपरात हा आधार नाही.

याचा फायदा मोठ्या अभ्यासांत मोजला गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रायव्हल चाचणीत हृदयविकाराच्या तीव्र त्रासाने आलेले ७०२१ रुग्ण होते. सुई घातलेल्या जागी धमनीला मोठी इजा होण्याचं प्रमाण जांघेत ३.७ टक्के, मनगटात १.४ टक्के. २०१५च्या मॅट्रिक्स चाचणीत ८४०४ रुग्ण होते, तिथे मनगटाच्या गटात मोठे रक्तस्राव कमी झाले आणि मृत्यूही थोडे कमी. हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायला हवं: ते रक्त पातळ करणारी भरपूर औषधं चालू असलेल्या, तातडीच्या रुग्णांचे आहेत. ठरवून केलेल्या साध्या तपासणीत जांघेचा धोकाही याहून कमी असतो. तरीही रुग्ण लगेच उठून बसतो, चालतो, स्वतः स्वच्छतागृहात जातो, हे सुख लहान नाही. माझा कल स्पष्ट आहे: हृदयाच्या तपासणीत दोन्ही वाटा सारख्याच मोकळ्या असतील, तर मनगट.

मनगटाची अडचण आहे तिथल्या धमनीच्या आकारात. नळ्यांची जाडी फ्रेंच या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. तपासणीला ५ किंवा ६ फ्रेंचची नळी लागते, आणि ती जिच्यातून आत-बाहेर करायची ती शीथ बाहेरून आणखी जाड असते, ६ फ्रेंचला अडीच मिलिमीटरच्या आसपास. रेडियल धमनी स्वतःच बऱ्याच जणांत दोन ते तीन मिलिमीटरची. बारीक चणीच्या बायकांत त्याहून लहान. त्यात ही धमनी चिडकी. सुई लागली की आकसते, नळी घट्ट धरून ठेवते, हात दुखू लागतो. म्हणून आत शिरल्याबरोबर नायट्रोग्लिसरीन किंवा व्हेरापामिलसारखी धमनी सैल करणारी औषधं आणि गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन देतात. काहींच्या धमनीला कोपराजवळ पूर्ण वेढा पडलेला असतो, काहींच्या खांद्याजवळ वळणं असतात. अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अवघड वळणांतून नळी नेण्याचं तंत्र बसवलं: नळीच्या टोकातून छोटा फुगा अर्धा बाहेर काढून फुगवायचा, म्हणजे नळीची धार धमनीच्या भिंतीला खरवडत नाही. तरीही काही वेळा मनगटातून सुरू करून जांघेकडे वळावं लागतं. रुग्णाच्या भल्यासाठी बदललेली ती वाट असते, याला अपयश म्हणू नये.

धमनी उद्यासाठी शिल्लक ठेवणं

मनगटातून केलेल्या तपासणीनंतर काही रुग्णांची रेडियल धमनी गुपचूप बंद पडते. अल्नर सांभाळून घेते, त्यामुळे बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पण ती वाट पुढच्या वेळेसाठी गेली. ज्याला आज एक अँजिओग्राफी लागली, त्याला पाच वर्षांनी दुसरी लागू शकते. ज्याला आज हृदयाची लागली, त्याला उद्या पायाची. माझ्या दृष्टीने चांगलं काम तेच, ज्यात चित्र मिळतं आणि धमनीही वाहती राहते.

यावर उपाय सापडला आहे आणि तो स्वस्त आहे. तपासणी संपल्यावर मनगटाला फुग्याचा पट्टा बांधतात. पूर्वी तो करकचून बांधत, रक्त येऊ नये एवढंच बघत. समीर पंचोली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की रक्त बाहेर येणार नाही पण धमनीतून वाहत राहील, एवढाच दाब ठेवला तर धमनी बंद पडण्याचं प्रमाण बरंच घटतं. तपासणं सोपं: बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, अल्नर धमनी दाबून धरायची, आणि पडद्यावर लाट दिसते का बघायची. दिसली तर रेडियल वाहते आहे. पट्टा गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवायचा नाही, टप्प्याटप्प्याने सैल करायचा. हेपारिन पुरेसं द्यायचं, नळी शक्य तितकी बारीक घ्यायची. यांतल्या एकाही गोष्टीला महागडं यंत्र लागत नाही, लक्ष लागतं.

मनगट दाबून तळहाताचा रंग परत येतो का ते बघण्याची एक जुनी चाचणी आहे, अ‍ॅलन टेस्ट. एडगर अ‍ॅलन यांनी ती १९२९ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये सांगितली, पण अँजिओग्राफीसाठी नव्हे. बर्गर्स डिसीजच्या रुग्णांच्या हातातल्या बंद धमन्या ओळखण्यासाठी ती होती. तंबाखूशी घट्ट जोडलेला हा आजार आपल्याकडे विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत अजून दिसतो आणि त्यात हातापायांच्या बारीक धमन्या टोकाकडून बंद होत जातात. अँजिओग्राफीपूर्वीची अ‍ॅलन टेस्ट आता बऱ्याच ठिकाणी सक्तीची राहिलेली नाही. पण बर्गर्सच्या रुग्णाच्या मनगटाला मात्र विचार न करता हात लावू नये. तिथे दुसरी धमनी सांभाळून घेईल हा हिशेबच चालत नाही.

धमनी वाचवण्याच्या याच काळजीतून आणखी एक जागा पुढे आली. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन कंडरांच्या मध्ये खळगा पडतो. रेडियल धमनीचा पुढचा भाग त्याच्या तळातून जातो. कीमेनेय यांनी २०१७ मध्ये डाव्या हाताच्या या जागेचा अनुभव मांडला आणि ती वाट लोकप्रिय झाली. इथे छिद्र पडलं तरी मनगटातला मुख्य भाग बहुधा वाहता राहतो, कारण मध्ये तळहाताकडे जाणारी फांदी फुटलेली असते. रुग्ण डावा हात पोटावर आरामात ठेवू शकतो आणि डॉक्टरांना टेबलावरून वाकावं लागत नाही. धमनी मात्र इथे आणखी बारीक, म्हणून सुई घालायला हात बसलेला लागतो.

करंगळीच्या बाजूची अल्नरही वापरता येते. ती खोल असते आणि तिला लागूनच मज्जातंतू असतो, त्यामुळे ती कुणाची पहिली निवड नसते. अजमेरच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या तुलनेत मात्र अल्नरचे निकाल रेडियलपेक्षा कमी ठरले नाहीत. एक नियम कायम पाळावा लागतो: रेडियल आधीच बंद असेल तर त्याच हाताची अल्नर वापरण्याआधी दहादा विचार करायचा. पंजाचा उरलेला पुरवठा तोच असू शकतो.

डावा हात, उजवा हात आणि पावलं

आजार पोटात किंवा पायात असेल तर हाताची कोणती बाजू, यालाही महत्त्व येतं. उजव्या हातातून आलेली नळी मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या फांद्यांच्या तोंडावरून आणि महाधमनीच्या कमानीवरून खाली वळते. डाव्या हातातून आलेली कमानीच्या शेवटच्या फांदीतून थेट खाली उतरते. मेंदूकडे जाणारी एक मागची धमनीच तिच्या वाटेत येते. गुठळीचा किंवा भिंतीवरच्या कचऱ्याचा कण सुटून मेंदूकडे जाण्याची भीती त्यामुळे कमी, आणि अंतरही कमी पडतं. बायपासच्या रुग्णातही डावा हात सोयीचा, कारण छातीच्या आतली जी धमनी हृदयाला जोडलेली असते ती बहुधा डाव्या बाजूची असते आणि डाव्या हाताच्या धमनीतूनच निघते. शिवाय दोनशेत एखाद-दुसऱ्या माणसात उजव्या हाताची धमनी महाधमनीच्या चुकीच्या टोकाकडून, अन्ननलिकेच्या मागून येते. अशा माणसात उजव्या मनगटातून हृदयाकडे वळणं फार कठीण.

पायांसाठी अडचण येते ती लांबीची. हृदयासाठीच्या नेहमीच्या नळ्या १०० सेंटिमीटरच्या आसपास. डाव्या मनगटातून पायांपर्यंत जायचं तर १२५ ते १५० सेंटिमीटरच्या लागतात, आणि उंच माणसाच्या घोट्यापर्यंत त्याही पुरत नाहीत. म्हणून एका पायाचा आजार बघायला बहुतेक वेळा दुसऱ्या जांघेतून शिरून, महाधमनीच्या फाट्यावरून पलीकडे वळून खाली जातात, किंवा त्याच जांघेतून सुई खालच्या दिशेने घालतात. वरून पोचताच येत नसेल तर घोट्यापाशी किंवा पावलावर नाडी लागते तिथून उलट दिशेने वर जायचं. ही वाट मुख्यतः उपचारासाठी, मधुमेहाने पाऊल काळं पडू लागलेल्या रुग्णाचा पाय वाचवताना वापरतात. नुसत्या चित्रासाठी आधीच रक्ताला तरसलेल्या पावलाच्या धमनीत छिद्र पाडणं क्वचितच योग्य ठरतं.

मेंदूच्या अँजिओग्राफीत अजून जांघेचा वापर खूप आहे, पण मनगट वाढतं आहे. मनगटातून वर आलेल्या नळीला कमानीत शिरून उलट वळून मानेच्या धमन्यांत जायचं असतं, म्हणून आकड्यासारखं टोक असलेल्या नळ्या लागतात. मानेत थेट सुई घालण्याची मोनीझ यांच्या काळची वाट आता दुसरा काहीच मार्ग उरला नाही तरच. तिथे रक्त साचलं तर श्वासनलिकेवर दाब येतो. कमरेतून महाधमनीत जाणारी दोस सांतोस यांची वाट निदानासाठी जवळजवळ इतिहासजमा झाली आहे.

एक आजार मुद्दाम सांगायला हवा, कारण तो मनगटाच्या आग्रहाला उलटं उत्तर देतो. ताकायासू आर्टरायटिस. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला हा आजार तरुण मुलींत जास्त दिसतो, आशियात अधिक. महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंती सुजून जाड होतात, हातांची नाडी नाहीशी होते. आपल्याकडच्या रुग्णांत पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्याही बऱ्याचदा सापडतात. हातांच्या धमन्या बंद म्हणून दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब खोटा, कमी येतो, आणि आतला खरा दाब मात्र मूत्रपिंडांच्या आजाराने भयंकर वाढलेला असू शकतो. अशा मुलीची अँजिओग्राफी जांघेतून करतात, चित्राबरोबर महाधमनीतला दाबही थेट मोजतात. तिच्या आईने मनगटाचा हट्ट धरू नये.

टेबलावर जाण्याआधी काय सांगायचं

मूत्रपिंडं कमजोर असतील आणि पुढे कधी डायलिसिस लागण्याची शक्यता असेल, तर ते आधी आणि स्पष्ट सांगा. डायलिसिसचा फिस्टुला बहुधा मनगटापाशी, याच रेडियल धमनीला शिरेशी जोडून करतात. ती आधीच खराब झाली तर पुढची वर्षं अवघड होतात. अशा रुग्णात, विशेषतः ज्या हाताने तो लिहीत-जेवत नाही त्या हाताचं मनगट राखून ठेवणं, आणि गरजेप्रमाणे जांघ किंवा अंगठ्यामागची जागा निवडणं हा समंजस निर्णय असतो. फिस्टुला आधीच झाला असेल तर त्या हाताला सुई नकोच.

बायपास झालं असेल तर कुठली धमनी वापरली होती ते सांगा. कधी मनगटातलीच धमनी काढून हृदयाला लावलेली असते. मागच्या अँजिओग्राफीत हात खूप दुखला होता, नळी अडकली होती, जांघेत गाठ आली होती, तर तेही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर कोणत्या बाजूच्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या, शेवटची कधी घेतली. चालताना पाय भरून येतात का. आणि जुन्या अँजिओग्राफीचा कागद घरातल्या फाइलमध्ये असेल तर तो घेऊनच जा. त्यात कुठून शिरले, वळणं कुठे होती, हे लिहिलेलं असतं आणि नव्या डॉक्टरांचा अर्धा वेळ तिथेच वाचतो.

घरी आल्यावर मनगटातून झालेली असेल तर दोन-तीन दिवस त्या हाताने भरलेली बादली किंवा गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही, पिळायचं नाही. जांघेतून झाली असेल तर उकिडवं बसणं, जिने वारंवार चढणं टाळायचं. कातडीवर निळसर डाग पडणं सामान्य आहे. पण सुजलेला भाग वाढत असेल, पंजा किंवा पाऊल थंड आणि पांढरं पडत असेल, बोटं बधिर होत असतील, कमरेत किंवा ओटीपोटात कारण नसताना दुखू लागलं असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जायचं. रक्त वाहू लागलं तर आधी त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरायचं, जांघ असेल तर माणसाला आडवं करून, आणि मग गाडी बोलवायची.